तारीख, तिथी आणि सरकारी मान

नोकरीला लागलो त्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक घोळ झाला. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन राज्य सरकारच्या बांधकामाच्या खात्यात उपयंत्री म्हणून रुजू झालो होतो. नवीन माणसाच्या गळ्यात जी कामे पडतात, त्यात जयंत्या-पुण्यतिथ्यांची तयारी हे एक असते. पालखीच्या रस्त्यावरचे खड्डे बुजवा, बॅरिकेड लावा, मंच पक्का आहे का पाहा, पुतळ्याला हार घालायची शिडी हलत नाही ना ते स्वतः चढून बघा. आदेशात लिहिले होते, ‘देवी अहिल्या पुण्यतिथि, भाद्रपद कृष्ण चतुर्दशी’. घरी येऊन भिंतीवरचे मराठी कॅलेंडर पाहिले. भाद्रपद वद्य चतुर्दशी पितृपक्षात, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी. ती तारीख कामाच्या तक्त्यात लिहिली आणि ठेकेदाराला सांगितले, अजून भरपूर वेळ आहे, गणपती आटोपले की बघू.

दुसऱ्या दिवशी बडे बाबूंनी तक्ता पाहिला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “भैया, ये आपका मराठी भादों नहीं है. पालकी तो गणेशजी के पहले निकलती है.”

जन्म इंदूरचा, लहानपणापासून ती पालखी आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिलेली, आणि तरी मी चुकलो. आपल्या घरी ती पुण्यतिथी श्रावण वद्य चतुर्दशीची. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, पण वद्य पक्ष आला की शेजारचे शर्माजी एक महिना पुढे गेलेले असतात. दिवस तोच, चंद्र तोच, नाव वेगळे. अहिल्याबाई महेश्वरला गेल्या तो दिवस इंग्रजी तारखेने १३ ऑगस्ट १७९५. आज इंदूरमध्ये त्यांची पुण्यतिथी तिथीने पाळतात आणि जयंती तारखेने, ३१ मे रोजी. एकाच बाईंच्या स्मरणाचे दोन दिवस, दोन वेगळ्या कालगणनांवर. तेव्हापासून मला हा नाद लागला. देश एखाद्या थोर व्यक्तीला मान देतो तेव्हा तो नेमका कोणता दिवस धरतो, आणि का?

सरकारी नोकरीतल्या माणसाला यातली एक गोष्ट लवकर कळते. मान मोठा असो की छोटा, त्याची फाईल तारखेशिवाय हलत नाही. कर्तृत्व मोठे आहे हे सगळ्यांना मान्य असते, पण टिपणीवर ‘या वर्षी का?’ हा प्रश्न येतोच. जन्मशताब्दी, पुण्यतिथीची पन्नास वर्षे, त्रिशताब्दी असे काही तरी उत्तर असावे लागते. ते असले की काम सोपे. लोकमान्य टिळकांचे उदाहरण घ्या. जन्म २३ जुलै १८५६. स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले ते बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ च्या जुलैत, दोन आण्यांचे. कुठे वाद नाही, शंका नाही.

टिळकांचे ते तिकीट आमच्या घरी आहे. माझे वडील शाळकरी वयापासून तिकिटे जमवत. पुढे ते रेल्वे टपाल सेवेत लागले आणि नाद आणखी वाढला. त्यांचा काळ्या पानांचा जाड अल्बम माझ्याकडे आहे. प्रत्येक तिकिटाखाली पांढऱ्या पेन्सिलीने तारीख आणि तिच्यापुढे बारीक अक्षरात तिथी. लहानपणी मला वाटे, हा त्यांचा उगाच चाळा. त्याचा अर्थ कळला तो एका तिकिटावरून.

ते तिकीट छत्रपती शिवाजी महाराजांचे, पंधरा नव्या पैशांचे. प्रथम दिवस आवरणावर शिक्का १७ एप्रिल १९६१ चा. मला प्रश्न पडला की शिवजयंती १९ फेब्रुवारीला, राज्याभिषेक जूनमध्ये, पुण्यतिथी चैत्र पौर्णिमेची, मग १७ एप्रिल कुठून आली? खाली वडिलांनी लिहिले होते, ‘वै. शु. २’. वैशाख शुद्ध द्वितीया. तेव्हा उलगडा झाला. त्या काळी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाख शुद्ध द्वितीयेचा, म्हणजे १६२७ सालचा मानत आणि उत्सवही त्याच तिथीला होई. १९६१ साली ती तिथी १७ एप्रिलला येत होती. तिकीट नेमके त्याच दिवशी निघावे, याला योगायोग म्हणणे मला तरी जड जाते. दिल्लीत बसलेल्या टपाल खात्याने महाराजांसाठी पंचांग उघडले होते.

पण ही तिथी पुढे सरकारनेच बाजूला ठेवली. तिच्यावर शंका तर फार आधीपासून होत्या. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली शकावली लोकमान्यांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शिवनेरी असा नोंदलेला आहे. परमानंदाच्या शिवभारतातही तेच. जोधपूरकडे सापडलेल्या कुंडलीनेही त्यालाच दुजोरा दिला. म्हणजे तीन ठिकाणची, एकमेकांशी संबंध नसलेली साधने एका दिवसाकडे बोट दाखवत होती. तरी जनमानसात आणि सरकारी कागदांवर वैशाखच चालू राहिला. महाराष्ट्र सरकारने १९६६ साली इतिहासकारांची समिती नेमली, मतभेद झाले, वर्षे गेली, आणि अखेर २००१ पासून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारने मान्य केली. शकावली छापल्यापासून हिशेब केला तर पंचाऐंशी वर्षे लागली. आमच्या खात्यात पुलाच्या मंजुरीला वेळ लागतो म्हणून लोक ओरडतात, त्यांना मी हे उदाहरण देतो.

यात आणखी एक गंमत आहे. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेतली. आज आपण जी ग्रेगोरियन गणना वापरतो तिच्या हिशेबाने तोच दिवस १ मार्च १६३० असा येतो. म्हणजे आपण सरकारी तारखेने जयंती करतो ती खरे तर आपल्या आजच्या कॅलेंडरची तारीख नाहीच. तिथीने करणारे फाल्गुन वद्य तृतीयेला करतात, त्यांची गणना अशी बदललेली नाही. इंदूरच्या आपल्या मंडळांत यावरून दरवर्षी चार माणसे हिरीरीने भांडतात. मी त्यांत पडत नाही. पण १९६१ चे तिकीट खोटे ठरले असे कुणी म्हटले तर मला ते पटत नाही. त्या पिढीला जे ठाऊक होते, त्यावर विश्वास ठेवून तिने मान दिला. सरकारी मान हा असा, देणाऱ्याच्या त्या दिवसापर्यंतच्या माहितीचा दाखला असतो.

ज्यांची तारीखच नाही त्यांचे काय? १८५७ च्या लढ्यातली आपली माणसे घ्या. नानासाहेब पेशवे १८५९ नंतर नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले. ते कधी गेले, कुठे गेले, याची खात्रीची नोंद नाही. तात्या टोपे येवल्याचे. त्यांना १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला, म्हणजे आपल्याच मध्य प्रदेशात, फाशी दिल्याची इंग्रजांची नोंद आहे, पण तो तात्या नव्हताच असे मानणारेही आहेत. राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरला लढताना पडल्या. जून १८५८, दिवस १७ की १८ यावर आजही दोन मते, जन्मसालही १८२८ की १८३५ हा वाद. अशा वेळी सरकारने काय केले ते पाहण्यासारखे आहे. राणींचे तिकीट निघाले १५ ऑगस्ट १९५७ ला, त्यांच्या स्वतःच्या कुठल्याच दिवशी नव्हे, तर लढ्याच्या शताब्दीच्या वर्षातल्या स्वातंत्र्यदिनी. नानासाहेब आणि तात्या यांची तिकिटे १९८४ साली १० मे रोजी निघाली. १० मे हा मेरठच्या उठावाचा दिवस. स्वतःची तारीख हाती नसली की सगळ्यांच्या मिळून एका तारखेला मान द्यायचा, ही वाट मला समंजस वाटते. कार्यालयात ज्या माणसाची जन्मतारीख कागदावर नसते, त्याला १ जुलै लावून टाकतात, त्यातलाच हा प्रकार, पण आदराने केलेला.

झलकारीबाईंचे तर त्याहून अवघड. राणींच्या फौजेतली, राणींसारखी दिसणारी ही कोरी समाजातली बाई बुंदेलखंडाने गाण्यांतून आणि गोष्टींतून जपली. कागदावर तिच्याबद्दल फार थोडे. मृत्यू झाशीच्या वेढ्यातला की त्यानंतर कित्येक वर्षांनी, यावरही एकमत नाही. तरी २००१ मध्ये तिचे तिकीट निघाले. लोकांनी इतकी वर्षे सांगत राहण्याने काय होते, ते यातून दिसते.

आता तारखेने थेट अडवलेला मान सांगतो. १९९२ च्या जानेवारीत नेताजी सुभाषचंद्र बोस यांना भारतरत्न जाहीर झाले. सरकारी पत्रकात एक शब्द होता, ‘मरणोत्तर’. त्यावर नेताजींच्या कुटुंबीयांनी आणि इतर अनेकांनी आक्षेप घेतला. मृत्यूची सरकारने नक्की केलेली, सगळ्यांना मान्य असलेली तारीख दाखवा, मग हा शब्द वापरा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मान स्वीकारलाही गेला नाही आणि दिलाही गेला नाही. शेवटी १९९७ मध्ये न्यायालयाने ते पत्रक रद्द झाल्याचे धरून विषय संपवला. देशातला सर्वांत मोठा नागरी मान एका शब्दापाशी थांबला. जन्मतारखेबद्दल मात्र वाद नव्हता, म्हणून २०२१ पासून २३ जानेवारी हा पराक्रम दिन झाला. पुतळे, रस्ते, विमानतळ हे सारे झाले, पण ज्याला मृत्यूचा दिवस लागतो तेवढे एक राहिले.

भारतरत्नाचा नियम मुळात जिवंत माणसांसाठीच होता. २ जानेवारी १९५४ ला हा किताब सुरू झाला तेव्हा मरणोत्तर देण्याची सोय नव्हती. ती पुढच्या वर्षी झाली, आणि पहिल्यांदा वापरली गेली १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्रींसाठी. बाबासाहेब आंबेडकरांना हा मान मिळाला १९९० मध्ये, म्हणजे ते गेल्यानंतर चौतीस वर्षांनी. सरदार पटेलांना १९९१ मध्ये. टपाल तिकिटाचे नेमके उलटे, ते सहसा माणूस गेल्यावरच निघते. एका मानाला माणूस हयात असावा अशी अपेक्षा, दुसऱ्याला तो हयात नसावा अशी.

ही दोन्ही गणिते एकाच वर्षी जुळलेला माणूस म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. अल्बममधले माझे सर्वांत आवडते पान त्यांचे. जन्म १८ एप्रिल १८५८. शंभर वर्षांनी, १८ एप्रिल १९५८ ला, त्यांच्या जन्मशताब्दीचे तिकीट निघाले, आणि ज्यांची शताब्दी ते स्वतः हयात होते! त्याच वर्षी भारतरत्नही मिळाले. मागे जाऊन पाहिले तर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले तेव्हा कोकणातल्या त्यांच्याच मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. गावच्या बहिष्कारापासून देशाच्या तिकिटापर्यंत पासष्ट वर्षे. ते एकशे चार वर्षे जगले म्हणून हे दोन्ही त्यांना डोळ्यांनी पाहता आले. सत्तराव्या वर्षी गेले असते तरी कार्य तेवढेच मोठे राहिले असते, फक्त देश त्यांच्यापर्यंत वेळेत पोचला नसता. सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. त्यांचे तिकीट १९९८ मध्ये निघाले. जोतीरावांचेही १९७७ पर्यंत थांबले. त्या मधल्या काळात त्यांच्या नावाची एक तारीख नव्हती असे नाही. ती कुणी टिपणीवर लिहिली नव्हती.

नाण्यांबद्दल थोडे. १९९९ मध्ये ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे आणि शिवरायांचे दोन रुपयांचे नाणे निघाले, २००२ मध्ये तुकारामांचे एक रुपयाचे. ही चलनातली नाणी. राजवाड्याजवळ भाजीवालीने सुट्ट्यांत तुकोबा हातावर ठेवले की माझी आई ते परत खर्च करत नसे, देवघरात ठेवी. वडील म्हणत, खर्च करा, तुकोबांना फिरायची सवय आहे. आता अशा वेळी जी मोठ्या रकमेची स्मारक नाणी निघतात ती बाजारात येत नाहीत. टांकसाळीत वेगळी किंमत भरून पेटीसकट घ्यावी लागतात. मान मोठा झाला हे खरे, पण भाजीवालीच्या हातातून गेला.

आणि हे लिहायचे निमित्त अर्थातच आपल्या अहिल्याबाई. चौंडीला ३१ मे १७२५ चा जन्म, म्हणजे २०२५ मध्ये तीनशे वर्षे झाली. तारीख ठरलेली, अंक गोल, फाईलला आणखी काय हवे! मे महिन्यात मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक आपल्या राजवाड्यात झाली. ३१ मे रोजी भोपाळला पंतप्रधानांच्या हस्ते त्यांचे टपाल तिकीट आणि तीनशे रुपयांचे नाणे निघाले. त्याच दिवशी इंदूरची मेट्रो सुरू झाली आणि तिच्या पहिल्या स्थानकांना अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, दुर्गावती, झलकारीबाई अशी नावे मिळाली. विद्यापीठाला त्यांचे नाव १९८८ पासून आहेच, विमानतळालाही आहे, संसदेच्या ग्रंथालयाच्या आवारात त्यांचा पुतळा आहे, आणि त्यांच्या जन्मजिल्ह्याचे नावही आता अहिल्यानगर झाले आहे. देशाकडे मान द्यायची जेवढी साधने आहेत त्यांतली बहुतेक त्यांच्या बाबतीत वापरून झाली. त्यांनी स्वतः काशी, गया, सोमनाथ अशा ठिकाणी जे बांधले ते देवाच्या आणि यात्रेकरूंच्या नावाने. बांधकामातला माणूस म्हणून मी महेश्वरच्या घाटावर गेलो की आधी दगडांचे सांधे पाहतो. अडीचशे पावसाळे आणि नर्मदेचे पूर अंगावर घेऊन ते अजून धरून आहेत. त्या पाथरवटांची नावे कुठल्याही शकावलीत नाहीत. आम्ही निदान कोनशिलेवर कार्यपालन यंत्र्याचे नाव घालतो, राजमिस्त्र्याचे अजूनही घालत नाही.

नवे तिकीट निघाल्यावर मी टपाल कचेरीत जाऊन दोन घेतली. एक मुलीसाठी, एक वडिलांच्या अल्बमात, १९९६ साली निघालेल्या अहिल्याबाईंच्या तिकिटाशेजारी. तिकिटाखाली तारीख लिहिली. मग पंचांग काढून तिथी पाहिली आणि तीही पांढऱ्या पेन्सिलीने लिहिली, ‘ज्ये. शु. ५’. मुलगी म्हणाली, “बाबा, हे आता कोण बघणार आहे?” तिला मी १९६१ चे पान काढून दाखवले. तिने मोबाईलवर शोधून खातरजमा केली आणि मगच विश्वास ठेवला.

पालखीचे काम आता माझ्याकडे नसते, पण दरवर्षी त्या आदेशाचा मसुदा माझ्या टेबलावरून जातो. मी त्यात न चुकता ‘भाद्रपद कृष्ण चतुर्दशी’च्या पुढे कंसात ‘मराठी श्रावण वद्य’ असे लिहितो. आमच्याकडे अजून मराठी पोरे नोकरीला लागतात, त्यांच्यासाठी. टाईप होऊन येताना नवे बाबू तो कंस दरवर्षी काढून टाकतात.